जपानी गिटारची जन्मपत्रिका

आपल्या मेळ्यांतून आणि वरातींतून ‘बेंजो’ म्हणून मिरविणारे बुलबुलतरंग मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात जन्मलेल्या ‘ताइशोगोतो’चे ते भारतीय रूप. त्याच नागोयात १९०८ पासून वाद्यव्यवसाय करणाऱ्या होशिनो संस्थेने पुढे ‘आयबानेझ’ या नावाने विद्युत् गिटारी जगभर पाठविल्या. मात्र माथ्यावरचे नाव हे घडविणाऱ्याचे नाव नव्हे. त्यांतील पुष्कळशा गिटारी १९६० साली स्थापन झालेल्या, मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात तयार झाल्या.

दप्तरात हयात घालविल्यामुळे आम्हांस भरवसा वाटतो तो जावक क्रमांकाचा. फुजिगेनने घडविलेल्या आयबानेझवर १९७५च्या सुमारापासून तसाच क्रमांक आढळतो. आरंभीचे अक्षर महिना सांगते, पुढचे दोन अंक वर्ष. ‘सी ७८’ म्हणजे मार्च १९७८. त्यापूर्वीच्या गिटारींबाबत माथ्याचा आकार, दांडीचा जोड, खुंट्या यांवरूनच तर्क करावा लागतो.

विक्रेत्यांची भाषा निराळी. १९७०च्या दशकातील कोणतीही नक्कल ते ‘खटल्यातील गिटार’ म्हणून खपवितात. वस्तुतः गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली खटला भरला तो होशिनोंच्या अमेरिकेतील वितरक कंपनीवर, आणि वाद होता तो मुख्यतः माथ्याच्या आकाराचा.

आपली घराणी दक्षिणेत केव्हा आली, हे पुष्कळांस आज ऐकीव माहितीवरूनच सांगावे लागते, कारण कागद जपले गेले नाहीत. वाद्यांचे तसे होऊ नये. जुने वाद्य घासून रंगविण्यापूर्वी त्यावरील क्रमांक उतरून घ्यावा. पुसलेली तारीख कोणताही कारागीर परत देऊ शकत नाही.