सरेंडर व्हॅल्यू

इंग्रजीच्या पेपरातला 'अनसीन पॅसेज' आठवतो ना? प्रश्नातला एखादा शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठे आहे ते शोधायचं आणि तिथलं अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवायचं. मार्क मिळायचे! उतारा कशाबद्दल होता हे कळायची गरजच नसायची.

हे दुखणं जुनं आहे. १९२० च्या दशकात मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करत होता. शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकूनही बंगाली मुलांना साधं पुस्तक समजून वाचता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने मुलांना बोल लावण्याऐवजी त्यांची पुस्तकं तपासली. नवे शब्द एकामागून एक कोसळत होते आणि त्यातले बरेच जुनाट, पुस्तकी. ओळीओळीला ठेच लागल्यावर अर्थाचा धागा सुटणारच!

मग त्याने स्वतःच वाचनमाला रचली. नेहमीच्या वापरातले शब्द आधी. साधारण ५० शब्दांमागे एखादाच नवा शब्द, आणि तोही पुढे पुन्हा पुन्हा भेटणारा. याच वाटेवर १९५३ साली त्याची सुमारे २००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली.

पण मला त्याचा आवडतो तो १९२६ च्या 'बायलिंग्वलिझम' या पुस्तकातला विचार. बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात. विम्याची पॉलिसी अर्ध्यात मोडली तरी थोडेफार पैसे हाती येतात, ती 'सरेंडर व्हॅल्यू'. तसं अर्धवट राहिलेल्या इंग्रजीतून मुलाच्या हाती काय उरतं? वेस्टचं उत्तर होतं, वाचन. अर्धंमुर्धं व्याकरण फुकट जातं. थोडं का होईना, समजून वाचता आलं तर पुढचं माणूस एकटाही शिकतो.

वेस्टने बोलण्याला मागे ठेवलं, हे मला पटत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र पिच्छा सोडत नाही. मी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवलेल्या पिढीतला. महाराष्ट्रात २००० साली इंग्रजी पहिलीपासून आलं. हप्ते वाढले म्हणायचे. पण दहावीनंतर ज्याचं शिक्षण सुटतं, त्याला औषधाच्या बाटलीवरची किंवा कर्जाच्या कागदावरची चार वाक्यं कळतात का?

घरात शाळकरी मूल असेल तर एवढंच करून बघा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि म्हणा, "काय झालं ते मराठीत सांग बरं." काय ऐकायला मिळालं ते मलाही कळवा.