बिनबोजाची जमीन

नोंदणी न झालेल्या खतावर तीन वर्षांत दावा लावला नाही तर येणे बुडेल, असा मुदतीचा कायदा १८५९ मध्ये आला. हेतू कुळाला वाचवण्याचा होता, पण घडले उलटेच. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करून सावकार नवे खत लिहून घेऊ लागला आणि त्या बेरजेवर पुन्हा व्याज चढू लागले. ज्याला वाचता येत नव्हते, तो कुणबी खताखाली सही म्हणून नांगराची निशाणी काढी. दावा लागला की तो बहुधा कोर्टात जातच नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई, जप्ती येई आणि प्रसंगी ऋणकोला तुरुंगही घडे.

अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, त्यातच शेतसारा वाढला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जिथे खते निमूट हाती आली, तिथे मारहाण फारशी झाली नाही.

या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. खतावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत जाण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करता येऊ लागला. या कायद्याचे खरे मर्म मात्र बाविसाव्या कलमात होते. जी जमीन त्या कर्जासाठी नेमकी गहाण लिहून दिलेली नाही, ती जप्त करता येणार नाही की विकताही येणार नाही. फार तर कुटुंबाच्या पोटापुरती सोडून उरलेली जमीन कलेक्टरने सात वर्षांपर्यंत ताब्यात घ्यावी आणि तिच्यातून धनकोचे देणे भागवावे.

संरक्षण मोठे होते, पण त्यातली पळवाटही तेवढीच मोठी होती. साध्या खताला किंमत उरली नाही, तेव्हा सावकार गहाणखत मागू लागला. गहाणाला खरेदीखताचे सोंग देण्याचे प्रकारही वाढले आणि त्यांच्या आड पाहता यावे म्हणून कायद्यात दुरुस्ती करावी लागली. अडलेल्या माणसाला गहाण नाकारण्याची सोय नसते, हे कायदा करणाऱ्यांनी पुरेसे ओळखले नव्हते.

दिवाणी प्रक्रिया संहितेतही जप्तीतून सूट होती. १९०८ च्या संहितेच्या साठाव्या कलमात स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, गरजेपुरती गुरे व बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्रासारखे, वगळलेले आहेत. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने हीच सूट नादाराला दिली. तारण असलेल्या धनकोचा त्या तारणावरील हक्क मात्र त्याने अबाधित ठेवला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही वगळलेली हत्यारे, घरसामान, दागिने आणि राहते घर यांना एक समान अट लागू आहे: त्यांवर कोणाचा बोजा नसावा.