चालू आज्ञेची प्रगती: टेलिटाइपपासून टर्मिनलच्या पडद्यापर्यंत

आज्ञा टंकून द्यावी आणि काम पुरे होईपर्यंत प्रोग्रामने अवाक्षरही काढू नये, ही युनिक्स प्रणालीची जुनी रीत नवख्याला तुसडी वाटते. तिच्यामागची कारणे मात्र भक्कम होती. 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स आकाराला येऊ लागली, तेव्हा प्रचलित असलेले टेलिटाइप मॉडेल 33 हे टंकयंत्र सेकंदाला जेमतेम 10 अक्षरे कागदावर उमटवत असे, त्यामुळे प्रत्येक अनावश्यक ओळ वापरणाऱ्याचा वेळ खाई. पुढे 1973 मध्ये ‘पाइप’, म्हणजे एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याला पुरवण्याची सोय आली, आणि त्या आउटपुटात मिसळलेली टक्केवारी ही पुढच्या प्रोग्रामच्या लेखी निव्वळ भेसळ ठरली असती. खरा पेच इथेच होता, कारण आउटपुट वाचणारा प्रोग्राम आणि ताटकळणारा माणूस यांच्या गरजा भिन्न होत्या. त्रुटिसंदेशांसाठी युनिक्समध्ये आलेल्या स्वतंत्र प्रवाहाने त्यावर वाट काढली. फाइली उतरवून घेणाऱ्या ‘कर्ल’सारखे प्रोग्राम आजही आपली प्रगती त्याच प्रवाहातून दाखवतात.

प्रगतीची रेघ जागच्या जागी सरकते ती ‘कॅरेज रिटर्न’ या चिन्हामुळे. टंकयंत्राचा छपाईचा भाग ओळीच्या आरंभी नेणाऱ्या या चिन्हानंतर कागदावर अक्षरांवर अक्षरे चढत. पडद्याच्या टर्मिनलवर मात्र जुन्या अक्षरांची जागा नवी घेतात. ‘टेनेक्स’ या जुन्या संगणक प्रणालीने त्याहून संयमी मार्ग काढला होता: कंट्रोल आणि टी या कळा एकत्र दाबल्या की चालू कामाची स्थिती दिसे. विचारल्यावरच बोलणारी ही सोय बर्कलीच्या युनिक्सने पुढे उचलली, लिनक्सने उचलली नाही, आणि हे लिनक्सचे नुकसानच म्हणावे लागेल.

टक्केवारी दिसणे लोकांना मनापासून हवे असते, हे ब्रॅड मायर्स यांनी 1985 च्या शोधनिबंधात प्रयोगाने दाखवले होते. तरीही डिस्कची हुबेहूब प्रत करणाऱ्या ‘डीडी’च्या ग्नू आवृत्तीत सतत प्रगती दाखवण्याचा पर्याय 2015 मध्ये आला. तोवर दुसऱ्या टर्मिनलवरून त्या प्रोग्रामला संकेत पाठवून त्याची प्रगती विचारावी लागे. फाइली उतरवून घेणाऱ्याच ‘डब्ल्यूगेट’ने 2001 मध्येच प्रगतीसाठी ठिपक्यांऐवजी रेघ स्वीकारली; मात्र समोर टर्मिनल नसून त्याचे संदेश फाइलमध्ये साठवले जात असतील, तर तो आपण होऊन पुन्हा ठिपक्यांवर येतो.