आडनावाची लेक

अलीकडे बाप्तिस्म्यासाठी आणलेल्या मुलींची नावे ऐकून वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. ॲशली, केली... "फादर, हा कोणता संत?" असे आजीबाई विचारतात. संत नव्हेच, ही इंग्रज व आयरिश घराण्यांची आडनावे. केली हे तर आयर्लंडमध्ये सर्रास आढळणारे आडनाव. आपल्या बीड जिल्ह्यात कोणी लेकीचे नाव 'साळवे' ठेवले तर गाव हसेल. 'केली' ठेवले तर कोणी हसत नाही, कारण ते तिकडचे साळवे-गायकवाड आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

आजीबाईंच्या आक्षेपाला जुना आधार आहे. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेने बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नावच द्यावे असे सांगितले होते. आईवडिलांनी ऐकले नाही, तर धर्मगुरूने त्यांच्या पसंतीच्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही नोंदवावीत, अशी सोय होती. १९८३ च्या संहितेत, कलम ८५५ मध्ये, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये, एवढेच उरले.

परंतु आक्षेप घेणाऱ्या घरातच पुष्कळदा एखादी गोरेटी असते, आणि गोरेटी हेही आडनावच. लुईजी गोरेटी हा इटलीतील कोरिनाल्दोचा गरीब शेतकरी. पोटासाठी तो कुटुंबासह रोमच्या दक्षिणेकडील दलदलीच्या मुलखात दुसऱ्याच्या जमिनीवर राबायला गेला आणि १९०० साली हिवतापाने वारला. आई असुंता शेतात, घर व धाकटी भावंडे मारियाकडे. कोयता घेऊन कारखान्यावर निघालेले कुटुंब आणि कोपीत भावंडे सांभाळणारी थोरली लेक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे घर वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शेजारच्या तरुणाच्या अत्याचाराला विरोध करताना झालेल्या जखमांनी मारिया ६ जुलै १९०२ रोजी मरण पावली, तेव्हा तिला बारा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मरण्यापूर्वी तिने त्याला क्षमा केली. १९५० साली तिला संतपद मिळाले आणि एका भूमिहीन शेतकऱ्याचे आडनाव आपल्या मुलींचे पाळण्यातले नाव झाले.

झेवियरची गोष्ट त्याहून वेगळी. संत फ्रान्सिसचे वडील हुआन दे हास्सो. झेवियरचा वाडा मात्र आईकडून आलेला. ज्या नावाने आज सारे जग त्यांना ओळखते ते आजोळचे! बास्क भाषेत त्याचा अर्थ नवे घर, आपल्याकडील नवघरे म्हणावे तसा. फ्रान्सिस्का काब्रिनी या इटालियन भगिनीने १८७७ साली व्रते घेताना तेच नाव आपल्या नावाला जोडले.

शर्ली हे नाव आपल्या घरांत इतके रुळले आहे की ते कधी आडनाव होते यावर विश्वास बसत नाही. शार्लट ब्राँटी यांची 'शर्ली' ही कादंबरी १८४९ साली आली. तिच्यातील आईवडिलांना मुलगा हवा होता. मुलगी झाली तेव्हा मुलासाठी योजलेले घराण्याचे नाव त्यांनी तिलाच दिले. पुढे ते मुलींचेच झाले. हा प्रसंग बीडच्या वाचकाने हसण्यावारी नेऊ नये. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे आपल्या जिल्ह्यात ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या, राज्यात सर्वांत कमी.

म्हणून आडनावाचे नाव केले याचा मला राग नाही. लग्नात मुलगी माहेरचे आडनाव उंबऱ्याशी ठेवून जाते. तेच तिचे नाव असेल तर ते जन्मभर तिच्यापाशी राहते. माझी तक्रार एवढीच की आपण दुसऱ्यांची आडनावे आणतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने सक्तीचा केला. आईला जागा मिळाली हे उत्तम झाले. तिच्या माहेरच्या आडनावाला त्या क्रमात जागा नाही. केली शोधण्याआधी आईवडिलांनी ते एकदा पाळण्यापाशी उच्चारून पाहावे. गाव हसेल, हसू द्या.