केशकर्तन व सौंदर्यप्रसाधन कलेचे शिक्षण : चारकोपच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

केशकर्तन व सौंदर्यप्रसाधन या कौशल्यांचे शिक्षण घराण्याच्या परंपरेतून वर्गखोलीत कसे आले, याचा विचार प्रस्तुत निबंधात मुंबई उपनगरातील चारकोप वसाहतीच्या संदर्भात केला आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. श्मश्रूखेरीज तुंबड्या लावणे, नखे काढणे, लग्नकार्यातील मानाची कामे हीही त्याच्याकडे असत. धोकटीतील वस्तरा, कात्री, नहेरणी यांची ओळख मुलाला बापाशेजारी बसूनच होई. या शिक्षणाला शुल्क नव्हते, प्रमाणपत्र नव्हते आणि जातीबाहेरच्यास प्रवेशही नव्हता.

या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना मुंबईत घडली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. इतिहासग्रंथांत तिची नोंद समाजसुधारणेच्या प्रकरणात होते, ती योग्यच आहे. परंतु व्यावसायिक नीतीच्या इतिहासातही तिला स्थान हवे. आपले हत्यार कशासाठी चालवायचे नाही, हे ठरविण्याचा अधिकार कारागिरांनी येथे स्वतःकडे घेतला, तोही त्या कामाची मजुरी सोडून. सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग शिकवावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्त्रियांसाठीचे शिक्षण निराळ्या वाटेने आले. 1952 मध्ये टाटा उद्योगसमूहाने ‘लॅक्मे’ सुरू केली. देशी प्रसाधनांबरोबर ब्युटी पार्लरही मध्यमवर्गाच्या परिचयाचे होत गेले. कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची. तिच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पुढे ‘हेअर अँड स्किन केअर’ हा एक वर्षाचा व्यवसाय आला व नंतर तोच ‘बेसिक कॉस्मेटॉलॉजी’ झाला. प्रवेशास दहावी उत्तीर्ण असणे आवश्यक. जातीची अट गेली, शाळेची आली. ज्याचा हात वर्षानुवर्षे कात्रीवर बसला आहे, पण शाळा अर्धवट सुटली, तो कारागीर या दाराबाहेरच राहिला. 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वज्ञानास मान्यता देण्याची तरतूद आली, ती या दृष्टीने उशिराची म्हणावी लागेल.

चारकोपची जडणघडण येथे महत्त्वाची ठरते. जागतिक बँकेच्या साह्याने 1985 मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे लहान भूखंड आखून पाणी व मलनिस्सारणाची सोय केली. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे होते. मधल्या अंगणाभोवती सुमारे 35 कुटुंबांची एक सहकारी संस्था, अशी रचना होती. पार्लर किंवा शिकवणी वर्गाला लागते तरी काय? एक खोली, आरसा, खुर्ची, पाण्याचा नळ व निचरा. वर मजला चढला की खालची खोली मोकळी होते. अशा छोट्या वर्गात मुली दोरा प्रथम स्वतःच्या पायावर फिरवून पाहतात, मग एकमेकींच्या भुवयांवर. पुढचे काही महिने एखाद्या पार्लरमध्ये अल्प मोबदल्यात राबणे हे जुन्या उमेदवारीचेच रूप होय. फरक एवढाच की शिकविणारा बाप नसतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत ही सर्व दुकाने बंद झाली. 28 जून 2020 पासून राज्यात केस कापणे, रंगविणे यांसारख्या कामांना परवानगी मिळाली. त्वचेशी संबंधित सेवांना मिळाली नाही. न्हाव्याची खुर्ची पुन्हा मांडली गेली, फेशियलवर घर चालविणाऱ्या स्त्रीला मात्र आणखी थांबावे लागले.