बाटली ५३-एन : मुंबई-पुणें प्रांतांतील जीवशास्त्रीय संस्थांच्या दप्तरांविषयीं

जुना कागद म्हटला कीं आपणां संशोधकांच्या डोळ्यांपुढें मोडी रुमाल, महजर, करीने आणि पोथ्या येतात. तें योग्यच आहे. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत मुंबई व पुणें या दोन शहरांच्या आश्रयानें लस, सीरम आणि जंतुजन्य औषधें यांचा जो मोठा उद्योग उभा राहिला, त्याचें दप्तर हेंही इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट आपल्या मंडळींच्या लक्षांत यावी तशी आलेली नाहीं. त्या उद्योगाची परंपरा थोडक्यांत सांगून, एका बाटलीच्या प्रकरणावरून अशा दप्तराचें मोल दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखकाचें अध्ययन संस्कृताचें. जंतुशास्त्रांत त्यास अधिकार नाहीं. पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा जो अल्प परिचय आहे, त्याच्याच बळावर हें धाडस केलें आहे.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः मुंबईच्या प्लेगापासून धरितात. वस्तुतः त्यापूर्वीं सात वर्षें, इ. स. १८८९ मध्यें, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें सरकारनें इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापिली होती. गुरांच्या सांथींचा शोध करणें हें तिचें काम, आणि आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले अधिकारी. भर वस्तींत घातक जंतु बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविली. आजची इंडियन व्हेटरिनरी रिसर्च इन्स्टिट्यूट ती हीच. तिचें जन्मस्थान पुणें होय, हें पुणेंकरांसही क्वचितच ठाऊक असतें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. त्या काळच्या मराठींत या रोगास ग्रंथिक सन्निपात म्हणत. पुढील महिन्यांत वाल्डेमार हाफकिन हे कलकत्त्याहून मुंबईस आले. हे मूळचे रशियांतील ओडेसाचे यहुदी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत तयार झालेले, आणि हिंदुस्थानांत पटकीच्या लशीचे प्रयोग करीत असलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक लहानशी जागा, एक कारकून व तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेवढ्यावर त्यांनीं तीन महिन्यांच्या आंत लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. यानंतर प्रयोगशाळा दोन-तीन ठिकाणीं फिरून १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें स्थिरावली. ही वास्तु मूळ जेझुइट पाद्र्यांची, मागाहून मुंबईच्या गव्हर्नरांच्या निवासाची. तेथें एका गव्हर्नरांची पत्नी पटकीनें वारल्यावर ती ओस पडूं लागली होती. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. म्हणजे मराठ्यांच्या कागदांचा शोध आणि या प्रांतांतील रोगजंतूंचा शोध हे दोन उद्योग एकाच सुमारास रूढ झाले.

लस करण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे आणि त्यांत जंतु सोडावयाचे. तुपाच्या खालच्या अंगास ते चुनखडीच्या गुहेंतील लोलकांप्रमाणें लोंबत वाढतात. मग तो रस तापवून जंतु मारावयाचे, थोडें कार्बोलिक आम्ल घालावयाचें, आणि बाटल्या भरून बुचें बसवावयाचीं. प्रत्येक बाटलीस क्रमांक असे. याच क्रमांकाची आतां गोष्ट आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं १०७ माणसांस लस टोंचली. त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात होऊन ते सर्व मेले. या एकोणीसही जणांस ५३-एन या एकाच बाटलींतील लस दिली होती. बाकीच्या ८८ जणांस कांहीं झालें नाहीं. पंजाबची मागणी फार वाढल्यामुळें हाफकिन यांनीं त्या सुमारास नवी रीत काढून कार्बोलिक आम्ल वगळलें होतें. साहजिकच संशय परळवर आला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मंडळानें, बाटली उघडण्यापूर्वींच, म्हणजे परळ येथें, दूषित झाली, असा निर्णय दिला. हाफकिन यांस परळ सोडावें लागलें.

पुढें चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले आणि तज्ज्ञांनीं ते बारकाईनें वाचले. त्यांत दोन गोष्टी आढळल्या. पहिली ही कीं, बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करितां सौम्य कार्बोलिक पाण्यांत बुडवून त्यानेंच बूच काढलें होतें. दुसरी ही कीं, लस टोंचणाऱ्या डॉक्टरास बाटली उघडली तेव्हां कोणतीही दुर्गंधि आली नव्हती. धनुर्वाताचे जंतु अशा रसांत कित्येक दिवस वाढले असते तर घाण सुटल्यावांचून राहिली नसती. तेव्हां ते जंतु उघडण्याच्या क्षणींच आंत शिरले, हें अनुमान सबळ ठरतें. जुलै १९०७ मध्यें सर रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत या आशयाचें पत्र प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांस हिंदुस्थानांत पुन्हां नोकरी मिळाली. मात्र ती कलकत्त्यास. परळ त्यांस परत मिळालें नाहीं.

पोथ्या पाहणारांस हा वाद परका वाटूं नये. अशुद्ध पाठ दिसला म्हणजे आपण हाच प्रश्न विचारतों : दोष मूळ आदर्शांतील, कीं नकल करणाराच्या हातचा? मूळांतील असेल तर त्या आदर्शावरून उतरलेल्या सर्व प्रतींत तो दिसावा. एकाच प्रतींत असेल तर लेखकप्रमाद मानावा. चौकशी मंडळानें दोष आदर्शाच्या माथीं मारला, रॉस यांनीं तो नकलनविसाचा ठरविला, आणि दोन्ही पक्षांचा आधार कागदच होता. बाटलीवर क्रमांक नसता, कोणास कोणती बाटली दिली याची नोंद नसती, किंवा 'दुर्गंधि नाहीं' ही क्षुल्लक साक्ष टिपलेली नसती, तर एका निरपराध शास्त्रज्ञाचा कलंक कधींच धुतला गेला नसता. उलट, त्या एकोणीस गांवकऱ्यांचा मृत्यु कशानें झाला, हेंही कोणास कळलें नसतें.

परळचें पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. १९२५ मध्यें त्या संस्थेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. १९३२ पासून साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. पुण्यास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या खटपटीनें १९४६ मध्यें महाराष्ट्र असोसिएशन फॉर दि कल्टिव्हेशन ऑफ सायन्स निघाली. तिच्या संशोधनमंदिरास आज त्यांचेंच नांव आहे. १९५२ मध्यें व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झालें. शिमोग्याच्या रानांतील माकडांच्या मरीवरून क्यासनूर अरण्यज्वराचा विषाणु १९५७ मध्यें तेथल्याच मंडळींनीं ओळखला. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन होऊं लागलें. हाफकिन संस्थेंत घोड्यांस विष थोडथोडें टोंचून, त्यांच्या रक्तांतून सीरम काढीत. त्यासाठीं पुण्याच्या पूनावाला यांच्या अश्वशाळेंतून शर्यतींतून निवृत्त झालेले घोडे तेथें जात. त्याच घोड्यांच्या आधारें १९६६ मध्यें पुण्यासच सीरम इन्स्टिट्यूट निघाली, आणि २०२१ सालच्या महामारींत तिच्या लशीच्या शंभर कोटींहून अधिक मात्रा तयार झाल्या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम भांडारकर संस्थेंत संपूर्ण झालें तें वर्षही १९६६ च. एकाच शहरांतील हे दोन उद्योग एकमेकांस अनोळखी राहिले, याचें मात्र वाईट वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकास रद्दीच्या एका दुकानांत एका प्रयोगशाळेची नोंदवही दिसली. घोड्यांचीं नांवें, टोंचल्याच्या तारखा, काढलेल्या रक्ताचें माप आणि कोपऱ्यांत एका घोड्यापुढें 'मेला' एवढा शब्द. दुसऱ्या दिवशीं विकत घ्यावी म्हणून गेलों तों ती पुड्यांस गेली होती. त्या दिवसाचा आळस अद्याप बोंचतो.

वाण्याच्या दुकानांतून पेशवाईचे कागद सोडविणारे आपण. आतां या वह्या, बाटल्यांचीं लेबलें, टोंचल्याचे दाखले, छापील सूचनापत्रकें यांसही पोथीचा मान द्यावा. ज्यांच्या घरीं अशा संस्थांत काम केलेल्या वडील माणसांचे कागद असतील, त्यांनीं ते जाळूं नयेत. मंडळाकडे निदान यादी तरी पाठवावी. यादी हीच संशोधनाची पहिली पायरी होय. एका क्रमांकानें एका माणसाची अब्रू राखिली. उरलेले क्रमांक कोणाची राखतील, हें आज कोणी सांगावें?