जलसा ते रॅप : आंबेडकरी शब्दाचा प्रवास

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठावर शहागड आहे. इथल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये आज वामनदादांची गाणी आणि रॅप शेजारी-शेजारी सापडतात. घरातील वडीलधाऱ्यांचा मात्र सवाल असतो, "हे भरभर बोलणे म्हणजे गाणे कसे? आणि त्यात आपले काय?" सवाल रास्त आहे. म्हणून रॅप कुठून आले, कसे बदलत गेले आणि आपल्या जलशाशी त्याचे नाते काय, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

रॅप म्हणजे काय?

ठेक्यावर यमक जुळवत, लयीत बोलणे म्हणजे रॅप. यात सुरापेक्षा शब्द महत्त्वाचा. साथीचा ठेका आधीच तयार असतो, त्याला 'बीट' म्हणतात. एका गाण्यात साध्या गीताच्या कितीतरी पट शब्द मावतात. त्यामुळे ज्याला खूप सांगायचे आहे आणि ज्याच्याकडे वाद्ये, वादक किंवा गाण्याचे शिक्षण नाही, त्याला हा प्रकार जवळचा वाटतो.

सुरुवात : न्यूयॉर्कची गरीब वस्ती

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. गाण्यातील फक्त ठेक्याचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. त्या ठेक्यावर कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण बोलू लागले.

पुढचे टप्पे थोडक्यात असे :

• १९७९ : 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे गाजले. विषय मौजमजेचा.
• १९८२ : ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या 'द मेसेज'मध्ये वस्तीतील दारिद्र्य आले. पुढे 'पब्लिक एनिमी'सारख्या गटांनी वर्णभेदावर थेट बोट ठेवले.
• १९९० नंतर : मोठ्या कंपन्या आल्या. पैसा, बंदूक, स्त्रियांविषयी हीन भाषा यांचाही बाजार झाला.
• २०१८ : केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

म्हणजे अमेरिकेतील रॅप मौजेतून निघाले, जाब विचारू लागले आणि मग बाजारात शिरले. आपल्या गाण्याचा प्रवास वेगळ्या क्रमाने झाला.

आपल्याकडचा धागा

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा साचा घेतला, पण गण-गवळणीतील देवभक्ती आणि शृंगार काढून तिथे शिक्षण, स्वच्छता, पाणवठ्याचा हक्क आणि बाबासाहेबांचा संदेश बसवला. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी जलसा हेच वर्तमानपत्र होते.

नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हाच वारसा हजारो गीतांतून घराघरात पोहोचवला. शाहिरीतील सवाल-जवाब आणि पुढे गाजलेले कव्वालीचे मुकाबले हे दोन गायकांचे शाब्दिक सामने होते. आज ज्याला 'रॅप बॅटल' म्हणतात, ते आपल्या आजोबांनी वेगळ्या नावाने रात्र-रात्र जागून ऐकलेले आहे.

आणखी एक नाते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्राँक्समधील त्या रात्रीच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. दोन्हीकडची वस्ती एकमेकींना तेव्हापासून ओळखते.

कॅसेट आणि डीजे

१९८० च्या दशकात कॅसेट आली. प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोहोचले. हा मोठा फायदा झाला. मात्र नंतर मिरवणुकीत डीजेच्या भिंती आल्या आणि आवाज इतका वाढला की शब्दच ऐकू येईनासे झाले. जलशात ठेका शब्दासाठी होता. डीजेपुढे शब्द ठेक्यासाठी उरला.

रॅपमध्ये परत आलेला शब्द

२०१५ मध्ये डिवाइन आणि नेझी यांचे 'मेरे गली में' आले, २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला आणि मुंबईच्या वस्त्यांतील रॅप देशभर पोहोचले. त्याच वर्षी 'स्वदेसी' या गटाने 'द वारली रिव्होल्ट'मधून आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडला. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे 'माही जी' या नावाने मराठीत रॅप करते. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी विचार रॅपमधून सांगतो. ओडिशाचा सुमित समोस आणि तमिळनाडूचा अरिवु हे जातीवर थेट बोलणारे रॅपर आहेत.

मराठवाड्याचे उदाहरणही समोर आहे. छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगसे याच्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये एका राजकीय रॅपवरून गुन्हा दाखल झाला. गाण्यात कोणाचे नाव नव्हते, तरी ते झोंबले. याच शहरातील कडुबाई खरात यांनी हातात एकतारी घेऊन गायलेली भीमगीते मोबाईलवरूनच लाखो लोकांपर्यंत गेली. एकतारी असो की बीट, लोक शब्दासाठी थांबतात.

काय मिळाले, काय सुटले?

मिळाले ते असे की आता कंपनी लागत नाही. एक मोबाईल आणि एक बीट पुरते. शहागडचा मुलगा आपल्या बोलीत, 'म्हया-तुह्या' भाषेत बोलू शकतो.

सुटले ते म्हणजे सामूहिकपण. जलशात झीलकरी होते, वादक होते आणि गाणे चुकले तर टोकणारे ज्येष्ठ कार्यकर्ते होते. रॅपर बहुधा एकटा असतो. व्ह्यूज वाढवण्यासाठी शिवी, धमकी आणि 'मी'पणा वाढला, तर ते गाणे बाबासाहेबांच्या फोटोपुढे वाजले तरी आंबेडकरी ठरत नाही. पंचशीलातील चौथे शील वाणीविषयीच आहे. वाणी धारदार असावी, पण खोटी नसावी.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, गावोगावच्या जयंती समित्यांनी १४ एप्रिलला डीजे अर्धा तास बंद ठेवावा आणि तो अर्धा तास लिहिणाऱ्या मुला-मुलींना द्यावा. ज्येष्ठांनी पुढे बसून ऐकावे, चुकले तिथे टोकावे. मुलांनीही माईक धरण्याआधी गावातील जुन्या गायकांकडे बसून त्यांची गाणी उतरवून घ्यावीत, कारण ती गाणी कोणत्याही मोबाईलवर नाहीत. गायक गेला की तीही जातील.

जय भीम! नमो बुद्धाय!